खुंट्यांच्या आतला गाळ

६ फेब्रुवारी

प्राध्यापकपदाचा अर्ज आज चौथ्यांदा पाठवला. पहिल्या तीन वेळा समितीनं कळवलं होतं की काम ‘स्थानिक स्वरूपाचं’ आहे. स्थानिक म्हणजे काय, तर पोल्डेनचा गाळ. खाण बंद पडून छत्तीस वर्षं झाली. खाणवाले तांबं घेऊन गेले आणि गावाच्या उशाशी दोन किलोमीटर लांबीचं गाळाचं वाळलेलं तळं ठेवून गेले. त्या गाळाचे पेव्हर ब्लॉक कसे करायचे यात मी चोवीस वर्षं घातली. नवरा घातला, गुडघे घातले. विभागात मला मागे ‘गाळवाली’ म्हणतात आणि ते मला माहीत नाही असं समजतात.

या वेळी अर्जात एक नवी ओळ आहे. ब्रेट हॉकिंग नावाचा माणूस माझ्या कृतीवरून पोल्डेनमध्येच ब्लॉकचा कारखाना काढतोय, पुढच्या महिन्यात सुरू. समितीतल्या एकाच्या तरी संशोधनानं कधी वीतभर भिंत उभी केली आहे का, हे मला त्यांना विचारायचंय. विचारणार नाही. अर्ज अजून त्यांच्या हातात आहे.

८ फेब्रुवारी

पोल्डेन. ॲडलेडहून चार तास गाडी, बेचाळीस अंश, आणि पोचल्यावर डॅडचं पहिलं वाक्य, “टायर बदल.” म्हातारा त्र्याऐंशीचा झाला. घराच्या मागच्या दारातून तळं दिसतं, त्याची खुर्ची कायम तिकडे तोंड करून. कारखान्याचं सांगितलं, तर कौतुक राहिलं बाजूला, उलटतपासणीच सुरू झाली.

“माल कुठला घेणार ते?”

“तळ्यातला. आणखी कुठला?”

“तळ्यातला म्हणजे कडेचा का मधला?”

“डॅड, गाळ तो गाळ.”

“बावीस वर्षं खाणीच्या गाळाच्या त्या पाइपांची तोंडं मी हलवलीत, पोरी. पाइपातून पडला की वाळू तिथंच कडेला बसायची. मधे वाहत जायचं ते नुसतं लोणी. त्या मधल्या डबक्यावर बदकं उतरायची ना, ती परत उडायची नाहीत.”

बदकं. मी बारा वर्षांची असल्यापासून ही बदकं ऐकतेय. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला वाटतं, डोळ्यानं पाहिलं म्हणजे कळलं. मला नमुना लागतो, आणि मधून नमुना घेता येत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एक विद्यार्थी वरचा पापुद्रा फुटून कमरेपर्यंत रुतला होता. त्यानंतर विद्यापीठाच्या सुरक्षा विभागानं तळ्याच्या सभोवार पांढऱ्या खुंट्या ठोकून घेतल्या, जिथवर जमीन पाय धरते तिथवर. ठोकल्या डॅडनंच, कारण ती कुठवर पाय धरते हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्या खुंट्यांच्या पलीकडे माझं एकही माणूस कधी गेलेलं नाही. सहाशे बारा नमुने, सगळे नियमात. मला याचा अभिमान आहे.

टायर बदलून घेतला. खरंच गुळगुळीत झाला होता.

३ मार्च

सेरा काउपा, माझी बहुधा शेवटचीच पीएचडीची विद्यार्थिनी. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातली, शिष्यवृत्तीवर आलेली, कष्टाळू. प्रश्न विचारताना नजर खाली ठेवते, त्यामुळे प्रश्न आगाऊ आहे हे जरा उशिरा कळतं. आज म्हणाली, “डॉक्टर, तळ्याच्या कडेनं झुडपं उगवलीत. मधे छत्तीस वर्षांत एक काडी नाही. असं का असेल?”

“मीठ.”

“मीठ कडेलाच जास्त आहे. तुमच्या दोन हजार अकराच्या पेपरमध्ये तसं दिलंय.”

माझेच पेपर मला वाचून दाखवतात हल्लीची मुलं. मी म्हटलं, तुझा विषय उडणारी धूळ आहे, तेवढी मोज. मान हलवली आणि गेली. इथं शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे मला ‘रो’ म्हणतात, तीन वर्षं सांगूनही ही ‘डॉक्टर’च म्हणते. त्यात आदर किती आणि अंतर किती, मला सांगता येणार नाही.

ईस्टरच्या सुट्टीत धूळमापकं लावायला ती पोल्डेनला राहणार आहे. डॅडनं मागची खोली देऊ केली. मला न विचारता.

१९ मार्च

कारखाना सुरू झाला. ब्रेटनं भाषणात मला ‘आपली प्रोफेसर’ म्हटलं. मी अजून सहयोगीच आहे, पण दुरुस्ती केली नाही. गावातली झाडून सगळी माणसं आली होती, बायकांनी पेस्टी, म्हणजे खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, करून आणल्या होत्या. छत्तीस जणांना काम मिळालंय. जिथं शेवटचं दुकानही बंद पडलं होतं त्या गावात छत्तीस.

बालवाडी चालवणारी बाई, जोडी नाव तिचं, येऊन गळ्यातच पडली. ब्रेट बालवाडीच्या अंगणात फुकटात ब्लॉक घालून देतोय. “तुझी बातमी आम्ही फ्रिजवर लावलीय,” म्हणाली. “मुलांना सांगते, ही बाई चिखलाच्या विटा करते. ती म्हणतात, आम्हीपण करतो.” मी खूप दिवसांनी मनापासून हसले.

डॅड आला होता. एक ब्लॉक उचलला, नखानं खरवडला, वास घेतला. “कडेचा आहे,” म्हणाला आणि खाली ठेवला. लेकीच्या मोठेपणाच्या दिवशी बापाच्या तोंडून एवढीच फुलं.

१० एप्रिल

ईस्टरचे चार दिवस पोल्डेनला. सेरा आणि डॅड यांचं चांगलंच गूळपीठ जमलंय. दुपारी पत्ते खेळत बसतात, तो तिला लबाडी शिकवतो आणि ती जिंकली की खोकला येईपर्यंत हसतो. माझ्याशी तो असा कधी हसल्याचं आठवत नाही. मत्सर वाटला, तो इथं लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

खोकला मात्र वाढलाय. त्यात या वयात नसते उद्योग. शेडचं लाकडी दार बिजागरीतून काढून ठेवलंय. का, तर म्हणे वाळवी. तळहात सोललेले. मागच्या पायरीवर त्याचे बूट वाळत होते, घोट्याच्या वरपर्यंत करड्या चिखलानं माखलेले. पाऊस तर जानेवारीपासून नाही. विचारलं तर म्हणाला, नळ गळत होता. नळ मी बघितला, गळत नव्हता. म्हातारपणी माणूस खोटं बोलायला लागतं ते असं, कारण नसताना. डॉक्टरला दाखवायला हवं.

४ मे

ब्रेटचा फोन. आवाजात उत्साह मावत नव्हता. “रो, रुंद पट्ट्यांचं यंत्र आणलंय, बुडत नाही. थेट मधे शिरलो. काय माल आहे गं तिथला! मैदा नुसता. कडेच्या मालाचे ब्लॉक खरखरीत व्हायचे, हे आरशासारखे निघतात. बालवाडीला हेच घालतो. पोरं पडली तरी गुडघे फुटणार नाहीत.” कृतीत काही बदल करायला हवा का, विचारत होता. मी समितीसाठी गोषवारा लिहीत होते. म्हटलं, गाळ तो गाळ.

२३ मे

सेरानं प्रबंधाचं पाचवं प्रकरण टेबलावर ठेवलं. तळ्याच्या मधले चौदा नमुने. मधल्या गाळात कडेपेक्षा सत्तर पट आर्सेनिक. वरून ब्रेटच्या नव्या ब्लॉकांवर तिनं ओला कापूस फिरवून पाहिला होता. माझी कृती वाळूसाठी बेतलेली, बारीक गाळ तिच्यात नीट बांधलाच जात नाही. ब्लॉक गुळगुळीत दिसतो आणि पीठ सोडतो. बोटाला लागतं. ज्या वयाची मुलं बोटं तोंडात घालतात, तिथवर तिनं गणित मांडलं होतं.

मी विचारलं, “तू खुंट्यांच्या पलीकडे गेलीस कशी?”

“दारावरून. दार पुढं सरकवायचं, त्यावर पालथं झोपायचं, नमुना घ्यायचा, पुन्हा सरकवायचं.”

“कसलं दार?”

  दार, बूट, तळहात, नळ, खोकला, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. त्र्याऐंशी वर्षांचा माझा बाप माझ्या विद्यार्थिनीला घेऊन त्या पापुद्र्यावर पालथा सरपटला होता.

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा बालवाडी आली नाही. पहिल्यांदा अर्ज आला.

२४ मे

सकाळी सहाला निघून दहाला पोल्डेन. डॅड अंडी तळत होता. मी दारातूनच सुरुवात केली.

“तू मेला असतास.”

“नाही मेलो. अंडं खाणार?”

“ती विद्यार्थिनी आहे माझी. तिची जबाबदारी माझ्यावर आहे. तुला कळतंय का काय केलंस?”

“तीनदा सांगितलं तुला. तुझी आई होती तेव्हा एकदा. तू म्हणालीस, डॅड, पुरावा लागतो. आता आणून दिला पुरावा.”

“माझ्या पाठीमागून?”

“तोंडावर सांगून झालं होतं.” अंडं माझ्या पुढ्यात ठेवलं. मग खोकला, तो बराच वेळ. मग म्हणाला, “खुंट्या मी ठोकल्या त्या तू बुडू नयेस म्हणून. तू तिथंच थांबावंस म्हणून नव्हे.”

मी अंडं न खाता निघाले. माझे सहाशे बारा नमुने खोटे नाहीत. जिथून घेतले तिथलं ते खरंच सांगतात. मी कुठंही लिहिलेलं नाही की मी मधे गेले होते. पण मी गेले नव्हते, असंही कुठं लिहिलेलं नाही, आणि हे ॲडलेडपर्यंत गाडीत माझ्या शेजारी बसून आलं.

२९ मे

सुरक्षा विभागाला पत्र पाठवलं. चार ओळी. विद्यार्थिनीनं नेमून दिलेली हद्द ओलांडली, सोबत विद्यापीठाबाहेरची वयस्कर व्यक्ती होती, मार्गदर्शक म्हणून हे कळवणं माझं कर्तव्य आहे. ते आहेच. उद्या दुसरं कोणी तिच्यामागून गेलं आणि बुडालं तर? नियम मी केलेले नाहीत. आकड्यांचं पुढं काय करायचं ते विभाग ठरवेल, त्यात माझा हात नाही.

पत्र पाठवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

१६ जून

सुरक्षा विभागानं ठरवलं. नियम मोडून मिळवलेली माहिती प्रबंधात, पेपरात, कुठंही वापरता येणार नाही. नमुने जमा करायचे. सेराची तळ्यावर जायची परवानगी रद्द. ऑगस्टमध्ये शिष्यवृत्ती संपते, मुदतवाढ मिळणार नाही. आठवड्याभरात ती घरी जातेय, प्रबंध तिथून पुरा करीन म्हणते. चार प्रकरणांचा.

शिफारसपत्र मागायला आली होती. मी तिथल्या तिथं लिहून दिलं. कष्टाळू, वक्तशीर, वगैरे. तिनं वाचलं, घडी घातली.

“डॉक्टर, एक विचारू? विभागाला कळवलं कोणी?”

“अशा गोष्टी बाहेर येतातच, सेरा.”

“हो,” ती म्हणाली. “मलाही तेच वाटतं.” पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. मग म्हणाली, “बालवाडीचं अंगण अजून घातलेलं नाही. दोन आठवडे आहेत. मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील.”

मी म्हटलं, बघते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं काहीसं झालंय हे मला कळतं. पण ती तरुण आहे, तिला दुसरीकडे जागा मिळेल. मला सत्तावन्नाव्या वर्षी कोण विचारणार?

३० जून

अंगणाचं उद्घाटन. मी आले नसते तर कोणाच्या लक्षात आलं असतं का, असा विचार करत होते, तर जोडीनं फीत कापायला मलाच पुढे केलं. एकवीस मुलं. थंडी असूनही बूट काढून धावली, इतकं गुळगुळीत. एक मुलगी ब्लॉकवर पोट टेकून बोटानं रेघा ओढत होती. रेघा उमटत होत्या. मग ती उठली आणि हात पुसायला तिला माझा स्कर्ट सापडला.

ब्रेट म्हणाला, “बघ रो, तुझ्या नावाची पाटी.” भिंतीवर पितळी पाटी आहे. स्पेलिंग बरोबर आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर स्कर्ट वेगळा धुतला. दोनदा.

११ ऑगस्ट

झाले. प्राध्यापक रोवेना ट्रेगेन्झा. समितीनं लिहिलंय, ‘संशोधनाचा समाजजीवनावर थेट ठसा.’ विभागात केक कापला. ज्यांनी मला गाळवाली नाव ठेवलं त्यांनीच टाळ्या वाजवल्या. दोन तुकडे खाल्ले. गोड होता बहुतेक.

१३ ऑगस्ट

डॅडला प्रत्यक्ष सांगायला गेले. मेपासून आम्ही फोनवर फक्त औषधांबद्दल बोलतोय. आता त्याला नळीतून ऑक्सिजन लागतो, तरी खुर्ची त्याच दाराशी. सांगितलं, प्रोफेसर झाले. वाटलं होतं, निदान आज तरी म्हणेल काहीतरी.

त्यानं नळी जरा सरकवली. “म्हणजे आता तुझं ऐकतील ना?”

एवढंच. टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले. किती वेळ, ते बघितलं नाही. त्याला इतके दिवस वाटत होतं की लेक गप्प आहे ती मोठी व्हायची वाट बघतेय म्हणून.

२ सप्टेंबर

बालवाडीच्या कुंपणामागे उरलेले ब्लॉक रचून ठेवलेत. मागच्या रविवारी त्यातले तीन उचलून आणले. चाचणी स्वतः केली, विद्यार्थी असताना करायचे तशी, सगळी भांडी हातानं धुऊन. मग त्यातला एक पुन्हा केला, कुठं चूक सापडावी म्हणून.

सेराचं चुकलंच होतं. तिचे आकडे थोडे कमी होते.

५ सप्टेंबर

सेराला लिहिलं. तुझे राहिलेले नमुने, टिपणं, काय असेल ते पाठव. क्षमा मागण्याचं वाक्य चार वेळा लिहिलं आणि शेवटी ‘झालं ते योग्य झालं नाही’ एवढ्यावर आणून ठेवलं. तासाभरात उत्तर आलं.

‘डॉक्टर, नमुने आणि वह्या जूनमध्येच सुरक्षा विभागाकडे जमा केल्या. त्या नष्ट केल्याचं पत्र तुम्हालाही पाठवलं असल्याचं विभागानं मला कळवलं होतं. तुमचे वडील क्लेम यांचा खोकला कसा आहे? त्यांना सांगा, इथं मी सगळ्यांना पत्त्यात हरवते.’

पत्र शोधलं. आहे. जूनमधलं, न उघडलेलं.

९ सप्टेंबर

राज्याच्या पर्यावरण खात्याला, विद्यापीठाला आणि ब्रेटला, तिघांनाही अहवाल पाठवला. ब्लॉक काढा, कारखाना मधल्या मालावरून हटवा, मुलांचं रक्त तपासा. काही लपवलं नाही. माझे सगळे नमुने खुंट्यांच्या आतले, म्हणजे कडेचे होते आणि ही मर्यादा मी कुठंही नोंदवली नाही, हेही लिहिलं. चोवीस वर्षांत इतकं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं.

ब्रेटचा फोन लगेच. मला वाटलं, ओरडेल. तो मवाळ होता, ते जास्त वाईट.

“रो, तू दमलीयस. बाप आजारी आहे, त्यात नवी जबाबदारी.”

“ब्रेट, मुलांच्या हाताला लागतंय ते.”

“मे महिन्यात मी तुला विचारलं होतं. शब्दन् शब्द आठवतो. कृतीत बदल हवा का, तर तू म्हणालीस, गाळ तो गाळ. माझ्याकडे छत्तीस घरं आहेत. तुझ्या शब्दावर उभी केली मी. आता तुझ्याच शब्दावर पाडू?”

“हो.”

“तर मग असा शब्द आण, की जो आधीच्यापेक्षा मोठा असेल,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. अन्याय असा की माणूस वाईट नाही. तीन महिने त्यानं गावातल्या तीन बेवड्यांना कामावर टिकवलंय.

१४ ऑक्टोबर

खात्याचं उत्तर आलं. दोन पानं. ओळीनं उतरवून ठेवते, कारण मला ते पुन्हा उघडायचं नाही.

‘प्रा. ट्रेगेन्झा यांच्या तक्रारीचा विचार करताना खात्याने उपलब्ध शास्त्रीय पुराव्याचा आढावा घेतला. पोल्डेन येथील गाळ बांधकामास सुरक्षित असल्याचे चोवीस वर्षांच्या, सहाशे बारा नमुन्यांवर आधारित आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या संशोधनातून सिद्ध झाले आहे (ट्रेगेन्झा २००४, २०११, २०१७). याउलट प्रस्तुत तक्रार तीन ब्लॉकांवर आधारित असून ते परवानगीशिवाय उचललेले आहेत. तक्रारीत उल्लेखिलेली विद्यार्थिनीची माहिती सुरक्षेचे नियम मोडून मिळवलेली असल्याने ग्राह्य धरता येत नाही. याबाबत प्रा. ट्रेगेन्झा यांनीच केलेला अहवाल सोबत जोडला आहे.’

जोडला होता. माझ्या चार ओळी.

आपल्याच हातानं खड्डा खणून आपणच त्यात पडणारे लोक मी पाहिलेत. माझा मात्र इतका नीट खणलेला आहे की वर यायला कुठं पाय टेकवावा तेच सापडत नाही. विद्यापीठानं दोन आठवड्यांची विश्रांती सुचवली आहे.

१९ ऑक्टोबर

जोडीकडे गेले. मुलं झोपली होती, आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. खात्याच्या पत्राची प्रत तिच्याकडे आधीच आली होती, ब्रेटनं दिलेली. फ्रिजवर लावली होती, माझ्या बातमीच्या खाली.

“मी बालवाडी बंद केली तर मुलांच्या आया विचारतील, कशावरून? काय सांगू?”

“मी सांगितलं म्हणून सांग.”

“रो, चालू ठेवते तेही तू सांगितलं म्हणूनच.” ती रागावली नव्हती, तिला रडू येत होतं. “आमच्या चार पोरांचे बाप त्या कारखान्यात आहेत. मी आता कुठल्या रोचं ऐकू, तेवढं सांग. मार्चमधल्या की आत्ताच्या?”

“आत्ताच्या.”

“आणि आत्ताची खरी कशावरून?”

 मी प्रोफेसर आहे, पेपर आहेत, चोवीस वर्षं आहेत. ते सगळं पलीकडच्या बाजूला उभं होतं. तिनं एवढं कबूल केलं की मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावीन. लावतेच म्हणाली तशीही.

डॅडला संध्याकाळी सगळं सांगितलं, पत्राचंही, मेमधल्या चार ओळींचंही. वाटलं होतं, तोंड फिरवेल. त्यानं तळ्याकडे बघितलं. तिकडे यंत्र चालू होतं. “बाई,” म्हणाला, मला पहिल्यांदाच बाई म्हणाला, “कागद संपले असतील तर पायानं जा.”

२३ ऑक्टोबर

विश्रांतीचा सहावा दिवस. सकाळी साडेआठपासून बालवाडीच्या फाटकाशी उभी राहिले. बाहेर, रस्त्यावर, म्हणजे कोणी काही म्हणू नये. जी आई येईल तिला सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. हातात कागद घेतला नाही.

आठ जणींना सांगितलं. पहिली म्हणाली, तुमच्या वडिलांच्या आजारपणाचं कळलं, वाईट वाटलं. दुसरीनं ऐकलं, मान हलवली आणि मुलाचा हात घट्ट धरून मला वळसा घालून आत गेली. तिसरी शाळेत माझ्याच वर्गात असलेल्या शॅरनची मुलगी. ती म्हणाली, “आमचा विश्वास आहे तुमच्यावर, प्रोफेसर, तुमच्यामुळेच तर गाव उभं आहे,” आणि मूल आत सोडलं. चौथीचा नवरा यंत्रावर आहे, तिनं मला जे म्हटलं ते लिहीत नाही. पाचवी, सहावी, सातवी एकत्र आल्या. भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं. मुलं आत गेली.

आठवी गावात नवी होती, सप्टेंबरमध्येच आलेली, तिची मुलगी बालवाडीतली बाविसावी. तिनं विचारलं, “तुम्ही कोण?” मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, इथलीच आहे, या तळ्यावर काम करणाऱ्याची मुलगी. मग ब्लॉकबद्दल सांगितलं, साध्या शब्दांत, डॅड सांगतो तसं. कडेला वाळू बसते, मधे लोणी, आणि हे लोण्याचे आहेत.

ती खाली वाकली, फाटकातून हात घालून ब्लॉकवर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. मग मुलीला कडेवर घेतलं आणि आली तशी परत गेली.

बावीसमधली एक.